मामांचं हरवलेलं कूळ

आमची कन्या तेव्हा ओहायोतल्या डब्लिनच्या शाळेत बालवर्गात होती. नोव्हेंबर आला की तिथल्या शाळांना इंडियन लोकांची आठवण येते. आपली नव्हे, तिथल्या मूळ रहिवाशांची. मक्याची कणसं, टर्की, कागदी पिसांचे मुकुट असं दोन आठवडे चालतं, आणि मग नाताळ लागला की सगळं पुन्हा कपाटात जातं. तर त्या नोव्हेंबरात ती एक कागद घेऊन घरी आली. कागदावर गरुड, अस्वल, लांडगा, कासव अशी आठ चित्रं होती आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तुमचा स्पिरिट ॲनिमल, म्हणजे पाठराखा प्राणी, निवडा आणि रंगवा. आठांपैकी एकही न निवडता तिनं कोपऱ्यात स्वतःच्या हातानं पेंग्विन काढला होता.

"बाबा, माय स्पिरिट ॲनिमल इज पेंग्विन!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे पेंग्विनला माहीत आहे का?"

पोर गोंधळली. बायकोनं पोळी लाटता लाटता वर पाहिलं आणि म्हणाली, "पाच वर्षांच्या मुलीशी असं काय बोलतोस रे?" तिचंही बरोबर होतं. पण वाक्य माझं नव्हतंच. ते मामांचं होतं, आणि इतक्या वर्षांनी ते माझ्या जिभेवर कसं तयार बसलं होतं याचं मलाच नवल वाटलं.

मामा माझे मामा नव्हते. सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका विद्यापीठात मी ऐंशी साली मास्टर्सला गेलो, तेव्हा आमच्या डिपार्टमेंटच्या तळघरातलं मशीन शॉप ते सांभाळत. वय साठीच्या आसपास. जातीचे ओजिब्वे, म्हणजे त्या सरोवराकाठचे मूळ इंडियन. उंच, किंचित वाकलेले, केसांची एक बारीक वेणी शर्टाच्या आत खोचलेली, कारण लेथवर लांब केस म्हणजे मरणाला आमंत्रण. त्यांचं नाव मी लिहीत नाही. माणूस नावानं ओळखता येतो यावर त्यांचाच विश्वास नव्हता. शॉपमध्ये बाकी सगळे त्यांना ‘चीफ’ म्हणत. त्या हाकेला त्यांनी कधी ओ दिली नाही. हाक मारणाऱ्याचं ड्रॉइंग निमूट घ्यायचे आणि गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवायचे. प्राध्यापक असो की विद्यार्थी, चीफ म्हणणाऱ्याचं काम तीन आठवड्यांनी व्हायचं.

मला हे ठाऊक नव्हतं. पण आपल्याकडे वडीलधारा माणूस दिसला की तोंडातून आपोआप काका निघतं, तसं माझ्याही निघालं. त्यांनी विचारलं, "काका म्हणजे काय?"

"अंकल," मी म्हणालो.

"कोणता अंकल? आईकडचा की बापाकडचा?"

इंग्रजीत असा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी सांगितलं, बापाचा भाऊ. त्यांनी मायक्रोमीटर खाली ठेवला. "म्हणजे तुझं आणि माझं कूळ एक झालं. हे असं न विचारता बोलू नये. आईच्या भावाला काय म्हणता?"

"मामा."

"मग मामा म्हण. मामाचं कूळ वेगळं असतं. त्यात कोणाची चूक व्हायची नाही."

असे ते माझे मामा झाले. माझं ड्रॉइंग त्याच दिवशी गठ्ठ्याच्या वर आलं, हेही लपवत नाही.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर सकाळपासून सुरुवात करावी लागेल. दिवसाचं पहिलं काम लावण्याआधी ते खिशातून चिमूटभर तंबाखू काढून तळघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर नैवेद्यासारखी ठेवत. स्वतः कधी ओढत नसत. एकदा एका विद्यार्थ्यानं तिथं कचरा समजून फुंकर मारली, तर त्याला त्यांनी शांतपणे झाडू दिला आणि अख्खं शॉप झाडून घेतलं. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत ते गोष्टी सांगत. जुन्या, त्यांच्या लोकांच्या गोष्टी. त्या फक्त जमिनीवर बर्फ असेपर्यंतच सांगायच्या असा त्यांच्याकडचा नियम. मार्चमध्ये एकदा गोष्टीतला ससा ऐन संकटात अडकलेला होता आणि मामा बोलता बोलता थांबले. खिडकीबाहेर पाहिलं, तर गवत दिसायला लागलं होतं. "नोव्हेंबर," एवढंच म्हणाले आणि डबा बंद केला. तो ससा सुटला की नाही हे कळायला मला आठ महिने लागले.

जेवणाची तऱ्हा तर औरच. त्या गावात शुक्रवारी घराघरात तळलेले मासे, आणि हरणांच्या शिकारीचा मोसम आला की डिपार्टमेंट ओस पडायचं, खुद्द आमचे हेडसुद्धा नारिंगी टोपी घालून रानात. मामा मासे खात नसत, हरीण खात नसत, बदक खात नसत. मला वाटलं शाकाहारी असावेत, म्हणून मोठ्या आनंदानं मी त्यांना वांग्याची भाजी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते गोमांसाचं सँडविच खात बसलेले.

"जहाजानं आलेलं खातो," ते म्हणाले. "गाय, डुक्कर, कोंबडी. ती तुमच्यासारखी बाहेरून आली. इथलं काही खात नाही."

का, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

स्पिरिट ॲनिमलचा किस्सा त्याच सुमाराचा. एका प्राध्यापकांची बायको कुठल्याशा शिबिराला जाऊन आली होती. गळ्यात निळ्या खड्यांची माळ, कानात पिसं. नवऱ्याला शोधत ती शॉपमध्ये आली आणि मामांना पाहून तिचे डोळेच चमकले. "माझा स्पिरिट ॲनिमल लांडगा आहे. शनिवारी कळलं मला," ती म्हणाली. "तुमचा कोणता?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "हे लांडग्याला माहीत आहे का?"

बाई हसली. तिला तो विनोद वाटला. मामा हसले नव्हते.

ती गेल्यावर त्यांनी मला समजावलं. बोलताना हातातल्या कानशीनं ते एका पितळी तुकड्याची कड मोडत होते. म्हणाले, "हे लोक दोन गोष्टींचा काला करतात. एक असतं कूळ. आम्ही त्याला दोदेम म्हणतो. ते बापाकडून येतं. करकोचा, अस्वल, मासा, जे असेल ते. ते तू निवडत नाहीस, जसा तू बाप निवडला नाहीस. एका कुळाची माणसं भाऊबहीण, त्यांच्यात लग्न नाही. कुठल्याही अनोळखी गावात गेलास तरी तुझ्या कुळाच्या घरी तुला ताट मिळतं. आणि दुसरी गोष्ट वेगळी. पोरगा वयात येताना रानात एकटा उपाशी बसतो. तेव्हा कोणी भेटतं, कोणाला भेटत नाही. जे भेटतं ते बोलून दाखवायचं नसतं. तू तुझ्या आईशी शेवटचं काय बोललास ते कॉफी पिताना कोणाला सांगशील?"

मी म्हणालो, नाही.

"मग? आणि ही बाई मला नवऱ्याची वाट बघता बघता विचारते."

कुळाच्या खुणेसाठी इंग्रजीत असलेला टोटेम हा शब्द त्यांच्याच लोकांच्या भाषेतून उचललेला, हेही त्यांनीच सांगितलं. वर म्हणाले, "जमीन नेली ती नेली, शब्दही नेला, आणि दोन्हीचा उपयोग चुकीचा केला."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मी जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. मामांनी विचारलं, "तू कोणाचा?" मी वडिलांचं नाव सांगितलं. नकारार्थी मान हलली. गाव सांगितलं, कऱ्हाडजवळचं. पुन्हा मान हलली. "ते पत्त्याचं झालं. तू कोणाचा?" आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला, अरे, हा माणूस देवक विचारतोय!

मग काय, मला चेवच आला. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचं देवक असतं, कोणाचं कळंबाचं झाड, कोणाचं मोराचं पीस, कोणाचं तलवारीचं पातं. लग्नात मांडवात आधी देवक बसवायचं, त्याच्याशिवाय हळदीला हात लावायचा नाही. एका देवकाचे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. ज्याचं जे देवक, ते झाड तो तोडत नाही, तो प्राणी मारत नाही. मी बोलत होतो आणि मामांनी लेथ बंद केलं. चालू काम अर्धवट टाकून त्यांनी लेथ बंद केलेलं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "समुद्रापलीकडेसुद्धा. आणि तुझं कोणतं?"

आमचं देवक साळुंकीचं पीस. साळुंकी म्हणजे काय, तर म्हशीच्या पाठीवर बसून किडे वेचणारी, अंगणात कचाकचा भांडणारी. समोर अस्वल, गरुड, करकोचा अशी कुळं असलेल्या लोकांतला माणूस, आणि त्याला मी साळुंकी सांगू? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"वाघ," मी म्हणालो.

मामा उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. दोन्ही हातांनी.

माझा रूममेट नागपूरचा होता. रात्रीच्या खिचडीला बसल्यावर मी त्याला हे सांगितलं, तर तो घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. "अबे, साळुंकी सांगायला काय जात होतं तुझं? यार, उद्या तो पट्टे दाखव म्हणला तर काय करशील?"

पट्टे मागितले नाहीत, पण त्याहून वाईट झालं. पुढच्या आठवड्यात माझ्या प्रयोगाची पहिली पितळी चकती हातात आली. पाठीमागच्या बाजूला, जिथं कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी सुईनं वाघाचं एक छोटं पाऊल कोरलं होतं. चार बोटं आणि तळवा. माझ्या एकूण अकरा चकत्या त्यांनी केल्या आणि अकराही चकत्यांवर पाऊल होतं. मी त्या बोल्टांनी जोडल्या, त्यातून गरम पाणी सोडलं, आकडे घेतले, पेपर लिहिला. प्रयोग उत्तम चालला. मला मात्र ती पावलं आतून टोचत. दीड वर्ष मी गप्प राहिलो, कारण दर दिवसागणिक खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

ड्रिलिंग मशीनच्या मागं मेणकापडात गुंडाळलेली एक फळी उभी असे. ती काय आहे हे विचारायचा मला धीर होत नव्हता. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून मेणकापड सोडलं. सीडरचं लाकूड, माझ्या छातीएवढं उंच, घासून घासून असं केलेलं की हात सरकावा. वरच्या बाजूला त्यांनी तीन इंच लांब, तीन इंच रुंद अशी एक उथळ चौकट मिलिंग मशीनवर कोरून काढली होती. चौकट कोरी होती.

"ही माझी," ते म्हणाले. "कबरीच्या उशाशी रोवायची. जुनी रीत आहे. ह्या चौकटीत कुळाचा प्राणी काढतात, उलटा, डोकं खाली. म्हणजे हा माणूस गेला, आणि अमक्यांचा होता, एवढं कळतं."

"मग चित्र?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पाच वर्षांचे असताना त्यांना सरकारी शाळेत नेलं, घरापासून खूप लांब. केस कापले, स्वतःची भाषा बोलली की साबणानं तोंड धुतलं. आई आधीच गेलेली. बाप लाकूडतोडीच्या तळावर होता, तो झाड अंगावर पडून गेला, आणि ही बातमीसुद्धा त्यांना वर्षानं कळली. सतराव्या वर्षी परत आले तर घर नव्हतं, नातलग पांगलेले. आपलं कूळ कोणतं हे विचारायला कोणी उरलं नव्हतं. बापाची एक आठवण होती. त्याच्या कमरेला तंबाखूची पिशवी असायची आणि तिच्यावर मण्यांनी विणलेला प्राणी होता. पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर तो यायचा.

"निळा होता," मामा म्हणाले. "निळा होता एवढं पक्कं आठवतं. पण मण्यांत काय, अस्वलही निळं करतात आणि मासाही. आकार आठवत नाही. रोज झोपताना आठवून बघतो."

म्हणून ते इथलं काही खात नव्हते. न जाणो, आपलाच भाऊ ताटात यायचा. त्यांचे लोक म्हणाले होते, ज्याला कूळ नाही त्याला आम्ही मार्टेनच्या कुळात घेतो, तो मुंगसासारखा रानातला प्राणी असतो, तू ये. मामा गेले नाहीत. "मला कूळ नाही असं नाही. माझं आहे. हरवलंय. नसणं आणि हरवणं एक नव्हे."

त्या संध्याकाळी मी खरं सांगायला हवं होतं. ज्याच्याजवळ स्वतःचं नव्हतं तो माणूस मला माझ्या खोट्याची पावलं कोरून देत होता. मी फक्त मेणकापडाचं दुसरं टोक धरून गुंडाळू लागलो.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्यांना कळलं की उत्तरेला, त्यांच्या लोकांच्या वस्तीवरच्या वृद्धाश्रमात नव्वदी पार केलेली एक आजी आहे आणि तरुणपणी ती त्यांच्या बापाच्या तळावर स्वयंपाकाला होती. मामांना मोतीबिंदू होता, लांबचं ड्रायव्हिंग बंद. मी म्हणालो, मी ड्राइव्ह करतो. माझ्याकडे तिसऱ्या हातानं घेतलेली एक तपकिरी गाडी होती, तिचा हीटर फक्त डाव्या पायावर चालायचा. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मांडीवर तंबाखूची नवी पुडी लाल कापडात बांधलेली, कारण विचारायला जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत. तीन तासांत ते एकच वाक्य बोलले. "मासा निघाला तर बरं. मासे न खाऊन चाळीस वर्षं वाया गेली नाहीत असं होईल."

आजी खिडकीजवळ खुर्चीत होती. एवढीशी. तिला इंग्रजी येत होतं पण ती ते बोलत नव्हती. शेजारी तिची चाळिशीतली नात बसून अर्थ सांगत होती. मामांनी पुडी दिली. आजीनं ती छातीशी धरली. बोलण्याआधी प्रत्येकानं आपण कोण ते सांगायचं, ही तिथली रीत. मामांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि म्हणाले, माझं कूळ विचारायलाच मी आलोय. बापाचं नाव ऐकून आजीनं डोळे मिटले आणि मान हलवली. तिला आठवत होतं! मला ते स्पष्ट दिसलं.

मग मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा माझा भाचा. समुद्रापलीकडचा. वाघाच्या कुळाचा."

आजी माझ्याकडे वळली. बराच वेळ पाहत राहिली आणि काहीतरी बोलून हसली. नातीनं खाली बघत सांगितलं, "आजी म्हणते, वाघ दाराकडे इतक्यांदा बघत नाही."

खोली गरम होती. मामांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, ह्या म्हातारीपुढं आता पुन्हा खोटं बोललो तर ह्या माणसाचं कूळ माझ्या तोंडानं विटाळेल. मी म्हणालो, "वाघ नाही. मी खोटं सांगितलं होतं. आमचं देवक साळुंकी. छोटा पक्षी आहे, घराजवळ राहणारा."

मामांचा हात खांद्यावरून निघाला.

आजीला राग आला नाही. तिनं साळुंकी कशी ओरडते ते विचारलं आणि मी, चोवीस वर्षांचा घोडा, वृद्धाश्रमात साळुंकीचा आवाज काढून दाखवला. ती पुन्हा हसली. मग नातीशी काही बोलली. नात म्हणाली, "आजी दमली. तीननंतर तिला होत नाही. म्हणते, आज ह्या खोलीत खूप काही झालं. रविवारी या, तेव्हा सांगते."

परतीचे तीन तास मामा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या दारात गाडी थांबवल्यावर म्हणाले, "चकत्या आणून दे."

मी प्रयोग उघडून अकराही चकत्या नेऊन दिल्या. त्यांनी एकेक ग्राइंडरवर धरली आणि पावलं पुसून टाकली. प्रत्येक चकती पाच थाऊ पातळ झाली, म्हणजे एक इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पाच. डोळ्याला दिसत नाही, पण पाण्याला कळतं. त्यानंतर माझा प्रयोग कायम गळत राहिला.

रविवारी मी सकाळी सातपासून फोनजवळ बसलो होतो. मामांचा फोन आला नाही. मी करावा की करू नये यात दहा वाजले, मग बारा. कोणत्या तोंडानं करू असं वाटत होतं. नागपूरकर म्हणाला, "अबे, त्याला राइड पाहिजे, तुझं तोंड नाही. लाव फोन." मी लावला नाही. बर्फ पडायला लागला होता, रस्ते बंद होतील असं मनाला सांगितलं. रस्ते काही बंद झाले नाहीत.

गुरुवारी आजीच्या नातीचा फोन शॉपमध्ये आला. आजी बुधवारी पहाटे झोपेतच गेली होती.

"तुला तरी काही बोलली होती का?" मामांनी तिला विचारलं. तिला आजी एवढंच म्हणाली होती, की त्या माणसाला मी स्वतः सांगणार.

मी खाली गेलो तेव्हा लेथ बंद होतं आणि मामा स्टुलावर बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. "मीही फोन केला नाही," ते म्हणाले. "तुझं खोटं आणि माझा राग. दोघांनी मिळून एक रविवार खाल्ला." मग उठले आणि काम लावलं. त्यांनी मला अपशब्द ऐकवले असते, घालवून दिलं असतं, तर मी सुटलो असतो. अर्धा वाटा त्यांनी स्वतःकडे घेतला आणि माझा अर्धा माझ्याजवळच राहिला. तो अजून आहे.

मी वडिलांना सगळं पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, निळ्या एरोग्रामवर बारीक अक्षरात. माझ्या खोटेपणाबद्दल दोन ओळी होत्या, त्या इथं देत नाही. पुढं लिहिलं होतं, की ज्याला देवक ठाऊक नसेल त्यानं पंचपालवी धरावी, पाच झाडांच्या पाच डहाळ्या, ती सगळ्यांना चालते, असं आपल्याकडे आहे. तुझ्या मामांना विचार. मी मामांना ते इंग्रजीत करून वाचून दाखवलं. त्यांनी पाचही झाडांची नावं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली.

"तुझे वडील चांगले आहेत," ते म्हणाले. "त्यांना सांग, हात जोडून नाही म्हणतो. पालवी ज्याला नाही त्याला. माझं आहे."

त्यानंतर हळूहळू त्यांनी साळुंकीची चौकशी सुरू केली. डोळ्याभोवती पिवळं का? चालते की उड्या मारते? दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करते? लायब्ररीतून पक्ष्यांचं जाड पुस्तक आणलं आणि एक दिवस मला शॉपच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं गरम हवेच्या झरोक्यावर काळे ठिपकेदार पक्षी दाटीवाटीनं बसून कलकलाट करत होते. स्टारलिंग. अमेरिकेत त्यांना कोणी विचारत नाही. परदेशातून आले, पसरले, बोकाळले, म्हणून सगळे त्यांना हुसकतात.

"पुस्तकात बघितलं. तुझ्या पक्ष्याचे चुलतभाऊ आहेत हे," मामा म्हणाले. "जहाजानंच आले." आणि पावाचा चुरा टाकला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ते मला हाक मारत, "चल, तुझे भाऊबंद आलेत." भाऊबंद हा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता आणि तो ते माझ्यापेक्षा स्पष्ट म्हणत.

त्याच वर्षी डिसेंबरात मी स्वतःच्या लग्नासाठी गावी गेलो. निघताना मामांनी एक पाकीट दिलं. आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक काळसर पीस होतं. "इथल्या दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याचं पीस जवळ ठेवलं तर सरकार पकडतं," ते म्हणाले. "ह्याचं चालतं. ह्याला कोणी वाली नाही. लग्नात लागतं म्हणालास ना?"

देवक बसवताना थोरल्या चुलत्यांनी ते पीस उजेडात धरलं. "ही आपली साळुंकी नव्हे. हे काळं कुठनं आणलं?"

वडील म्हणाले, "त्याच्या मामाकडनं आलंय. ठेवा." माझे सख्खे मामा तिथंच उभे होते. त्यांनी चमकून पाहिलं, पण ते समजूतदार. पाट त्यांनीच पुढं सरकवला. दोन्ही पिसं शेजारी शेजारी ठेवली गेली.

मामा गेल्याचं आजीच्या नातीनंच कळवलं, पेंग्विनच्या त्या कागदानंतर चार-पाच महिन्यांनी. जूनमध्ये आम्ही तिघं गाडीनं निघालो. ओहायोपासून दोन दिवस. ती भेटली, आम्हाला घेऊन दफनभूमीत गेली. पाइनची झाडं, खाली सुयांचा मऊ थर. फळी मी लांबूनच ओळखली. सीडर थोडं करडं पडलं होतं. चौकट कोरीच होती.

"आम्ही विचारलं होतं, मार्टेन काढू का," नात म्हणाली. "नको म्हणाले. खोटं काढू नका, जागा ठेवा, एवढंच. शेवटपर्यंत तेच."

मी लाल कापडातली तंबाखूची पुडी फळीशी ठेवली. एका रविवारी मी फोन लावला असता तर त्या तीन इंचांत आज काहीतरी डोकं खाली करून असतं. बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

कन्या फळीपुढं उकिडवी बसून चौकट बघत होती. प्रवासात तिच्या फ्रॉकच्या खिशात कायम खडू असत. तिनं निळा काढला.

"बाबा, दे फरगॉट द पिक्चर. कॅन आय ड्रॉ इट? आय कॅन ड्रॉ अ रिअली गुड पेंग्विन."

मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असेन, कारण ती दचकली.

"नाही बाळा. विसरले नाहीत ते. ती जागा भरलेली आहे, फक्त आपल्याला दिसत नाही."

"देन हू विल ड्रॉ इट?"

"ज्याला माहीत असेल तो."

तिनं विचार केला. मग खडू खिशात ठेवला, आणि दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभी राहिली, चुकूनसुद्धा लागू नयेत म्हणून.